पोस्टातले गणूकाका आणि अमेरिकेची फी

"पैशे कोन देनार?" आमच्या कर्जतच्या पोस्टातले गणूकाका कुणाचंही अभिनंदन याच शब्दांत करत. मॅट्रिक पास झालेल्याचंही आणि लग्न ठरलेल्याचंही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स शिकायला पैसे कसे मिळतात, हे आमच्या तालुक्यात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. परदेशी विद्यापीठांना पत्रं पाठवून त्यांनी माहितीपुस्तकांची अख्खी ट्रंक भरली होती. मी गणितात एम.एस्सी. झाले, तसे ते ट्रंकेसकट आमच्या ओटीवर हजर.

"फेलोशिप म्हंजे जावई. काम नाय, नुसता मान. रिसर्च असिस्टंटशिप म्हंजे घरचा मुलगा, प्रोफेसरसंगं राबायचं. टीचिंग असिस्टंटशिप म्हंजे सून. पोरांना शिकव, पेपर तपास, मग आपला अभ्यास. पन फी माफ, वर पगार!"

"पण काका, कॉम्प्युटर दिसतो कसा?"

"मला काय ठाव? मी कुठं बगितलाय!"

त्यांनी मला पाच अर्ज करायला लावले. पाकीट वजनात बसेना, तेव्हा अर्जासोबतच्या माझ्या निबंधाचे समास कात्रीनं कापले.

दोन उत्तरं आली. नावाजलेल्या विद्यापीठानं प्रवेश दिला, पैसे नाहीत. दुसऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण त्यांनी टीचिंग असिस्टंटशिप दिली. वडील हट्टाला पेटले. "नाव मोठं तिथंच जायचं. नदीकडचं शेत विकतो."

गणूकाका पोस्टाची खिडकी बंद करून धावत आले. "दादा, शेत इकलंस तर पोर तिथं अभ्यास करंल का शेतासाठी झुरंल?" मग माझ्याकडे वळून ओरडले, "सून हो गं, सून!"

मी सून झाले. शेत राहिलं. वडील मात्र महिनाभर पोस्टकार्ड आणायलासुद्धा दुसऱ्याला पाठवत होते.

दोन वर्षांनी सुट्टीत आले, तर काका त्याच खिडकीत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चहा ओतता ओतता काकू म्हणाल्या, "हे बदलीवर पेनला पोस्टमास्तर होनार होते गं. तुजे अर्ज गेलेले, तवाच हुकूम आला. नाय म्हनले. 'नवा मानूस तिची पाकिटं कुठं टाकंल, काय भरवसा?'"

काका शर्टाची बटणं लावत बाहेर आले. कान लाल झाले होते.

"कायबी सांगते ती. पेनचं पानी मला सोसत नाय."