मिस व्हेल्माच्या झुडपाची चोरी

"फार आभारी आहे," असं हॉलिस टिडवेल म्हणाला आणि मिस व्हेल्माने पुढे केलेली कुंडी झटकन मागे ओढली.

"झालं! घातलात घोळ! दिलेल्या रोपाचे आभार मानले की ते जगत नाही. आईने शिकवलं नाही तुम्हाला?"

"तोंडातून निघून गेलं हो!" दुकानाचं दार आपोआप उघडलं तरी हॉलिस दाराचे आभार मानायचा.

कुंडीत टर्क्स कॅप होतं. लाल पागोट्यासारखी, कधीच पुरती न उमलणारी फुलं. त्यांच्यावर उन्हाळाभर फुलपाखरं आणि हमिंगबर्ड. मूळ झुडूप व्हेल्माच्या आईने ओढ्याकाठून आणून अंगणात लावलं होतं. आता घर विकलं गेलं होतं. नवा मालक अंगणात काँक्रीट ओतणार होता आणि व्हेल्मा डॅलसला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला निघाली होती. त्या झुडपाचं जगलेलं रोप एवढं एकच.

"आता एकच उपाय," ती म्हणाली. "चोरलेलं रोप हमखास लागतं. मी आत जाते. तुम्ही चोरा."

"मी? भरदिवसा?"

"अंधारात धडपडाल आणि कुंडी फोडाल."

हॉलिस कुंडी छातीशी धरून, दबकत, दर पावलाला मागे बघत दहा मिनिटांनी फाटकापर्यंत पोचला, तोच पोलिसांची गाडी थांबली. समोरच्या घरातल्या बाईंनी फोन केला होता.

"मिस्टर हॉलिस, तुम्ही?" पोलीस डेलचा विश्वास बसेना. "मिस व्हेल्मा, हे तुम्हीच दिलंय ना यांना?"

व्हेल्मा ओट्यावर आली. 'हो' म्हटलं असतं तर हॉलिस सुटला असता आणि रोप गेलं असतं.

"मी काही दिलेलं नाही," ती म्हणाली.

हॉलिसने कुंडी आणखी घट्ट धरली. "चोरलंय मी."

"मग तक्रार लिहून घेऊ?"

"तक्रार कशाला? चोर ओळखीतलाच आहे."

समोरच्या बाईंनी शब्द न् शब्द ऐकला. रविवारी चर्चमध्ये 'वाट चुकलेल्या आपल्या एका भावासाठी' प्रार्थना झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना मात्र हॉलिसकडे. दानाचं ताट वर्षानुवर्षं तोच फिरवायचा. त्या दिवशी ते त्याच्या नाकासमोरून दुसऱ्याच्या हातात गेलं.

जुलैत डॅलसहून फोन आला. "फूल आलं?"

"आलं. आज सकाळी हमिंगबर्डही येऊन गेला."

पलीकडे व्हेल्माने मुलाला हाक मारून ते सांगितलं.

"आणि प्रार्थना? अजून करतात तुमच्यासाठी?"

"दर रविवारी. मिस व्हेल्मा, आता पाद्रीबाबांना खरं सांगितलं तर—"

"खबरदार!" ती म्हणाली. "आधी एक हिवाळा काढू दे त्या रोपाला."

हॉलिसने खिडकीतून झुडपाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "करू देत प्रार्थना."