सोनाराच्या दुकानात पोरांना बंदी

आमचे शेजारी मनोहरभैया सोनार माणसाचं तोंड लक्षात ठेवत नाहीत, कान ठेवतात. पुरानी बस्तीत कुणी वारलं असं सांगितलं, की विचारतात, "कोनता? तो जाड पाळीवाला का?" माझ्या नवऱ्याशी त्यांची जन्माची ओळख, पण थंडीत हे कानटोपी घालून समोर आले, की भैया परक्यासारखे बाजूनं निघून जातात.

सदर बाजारात त्यांचं टीचभर दुकान आहे. आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, क्वचितच एखादा कान त्यांच्या हातून सुटला असेल. सोन्याची तार स्वतः ओढायची, पाळीला हळद आणि खोबरेल लावायचं आणि "कान पक्का तं मानूस पक्का" म्हणत टोचून मोकळं व्हायचं. पोर किंचाळतं, आई डोळ्यांना पदर लावते, भैया पुढच्या कानाकडे वळतात.

त्याच दुकानावर परवा पाटी दिसली: 'लहान मुलांना आत आणू नये.'

मी पायरीवरच थबकले. शंकर नगरातल्या एका कॉफीवाल्यानं अशी पाटी लावली होती, तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला होता. मुलगा म्हणाला, "आई, उनकी दुकान है, उनकी मर्ज़ी. लोगों को शांति चाहिए." अरे, शांतता हवी तर घरी बसा ना! लेकरांना हाकलून कसला धंदा करता? पण कॉफीवाल्याचं एक वेळ सोडा. कान टोचणाऱ्या सोनारानं पोरांना बंदी करावी? उद्या न्हावी म्हणेल, केसवाल्यांनी येऊ नये!

माझ्या कडेवर नात होती, पिहू. रविवारी तिचा पहिला वाढदिवस, आणि त्याआधी कान टोचायचे ही आमच्या घरची रीत. मी तशीच वर चढले. भैया दारात आडवे.

"वहिनी, बोर्ड वाचला नाही का?"

"वाचला. काहून लावला ते सांगा."

"दुकान माह्यं हाय. कोन आत येईन ते मीच ठरवीन."

"अन् हिचे कान कोन टोचन?"

"डॉक्टरकडं न्या. मशीन राह्यते त्यायच्याजवळ. खट् केलं का झालं."

मशीन! मला ऐकू येतंय ते खरं वाटेना. मशीननं टोचलेली पाळी दिसली तर हा माणूस लग्नाच्या पंगतीत जागा बदलून बसतो!

"भैया, लेकरायचा एवढा कंटाळा आला का तुमाले?"

तेवढ्यात पिहू खिदळली आणि तिनं त्यांच्याकडे झेप घेतली. त्यांनी घाईघाईनं धोतराला हात पुसले आणि तिला घेतलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पोर कसं धरावं हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

"वहिनी, मी सकाळी दुकानाले निघतो ना, तवा हे खिडकीतून मले हात करते," ते म्हणाले. "मले पाहून कोनतं पोट्टं हासते, सांगा? सारे मायच्या मागं लपते. तुमचा पोरगा तं मिशा फुटल्या तरी माह्या दारावरून कान झाकून पळे. एकदा सुई टोचली का हे बी तसंच करन."

"मंग मले घरी सांगाचं ना! बोर्ड काहून लावला?"

"तुमाले नाही कसं म्हनू? अन् एका हिलेच नाही म्हटलं तं पारा काय म्हनन? म्हनून साऱ्यायलेच बंद केलं."

मी आ वासून बघत राहिले. एका पोरीचं हसू टिकावं म्हणून या माणसानं हयातभराचा धंदा बंद केला होता.

"बरं, नका टोचू," मी म्हटलं. "पन आत तं घेऊन बसा तिले. किती ऊन हाय."

"नाही वहिनी. आत सुई हाय."

आणि स्कूटरींच्या त्या कलकलाटात, धोतराच्या सोग्यानं तिच्या डोक्यावर सावली धरून ते पायरीवरच उभे राहिले. मला मात्र डोळे पुसायला आत जावं लागलं.