हरित खरेदीची दुपार

"याच्यापुढं ऑफिससाठी जे घ्यायचं, ते पर्यावरणाले पूरकच घ्यायचं," असं म्हणून हेमराज साहेबांनी भोपाळहून आलेला आदेश टेबलावर ठेवला. "आन् ते घेनार तुमी."

मोरेश्वर पांढुर्ण्याच्या त्या सरकारी ऑफिसात स्टोअरबाबू होता. खरेदी त्याचंच काम. तरी साहेबांच्या वाक्यात जोर 'तुमी'वर होता आणि त्याला कारण होतं. मागच्या वर्षी पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमात मोरेश्वरने दाराला प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याचा फोटो पेपरात आला. तेव्हापासून त्याच्या बदलीचा प्रस्ताव विभागीय कार्यालयात पडून होता. ठिकाण लिहिलं होतं भिंड, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"वरच्या ऑफिसच्या मॅडम तपासनीले येनार हायेत," साहेब म्हणाले. "त्यायनं चांगला शेरा देला त बदली रद्द. नाही देला त भिंड. चंबलचं पानी चांगलं असते म्हनतात."

मोरेश्वरची बायको वंदना सौंसरच्या शाळेत शिकवायची. घर सौंसरला, नुकतंच बांधलेलं. मोरेश्वर रोज बसने पांढुर्ण्याला जायचा. संध्याकाळी त्याने बातमी सांगितली तेव्हा वंदना पोळी लाटत होती.

"तुमी भिंडले, मी सौंसरले," ती म्हणाली. "मंग हे घर कोनासाठी बांधलं? चिमन्यांसाठी?"

"तू सुट्टीत तरी येशील का नाही?"

"मी नाही येत बाप्पा. तुमी नीट खरेदी करा, म्हंजे झालं."

मोरेश्वर नीट खरेदीला लागला. ऑफिसचा एसी बंद पडला होता. नवा घेणं आदेशात बसत नव्हतं, म्हणून त्याने खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि त्यांच्यावर पाणी मारायला एक माणूस ठेवला. खुर्च्यांवरच्या गाद्यांतला फोम काढून सौंसरचा कापूस भरला, तोही ताजा पिंजलेला. भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालायचं आणि सेल म्हणजे घातक कचरा, त्यामुळे घड्याळ उतरवलं. टेबलावरची घंटीही सेलवरचीच निघाली. तीही गेली. दिवसा दिवे लावायचे नाहीत असं ठरलं. कॉम्प्युटर चालवणाऱ्या चंचलला त्याने सांगितलं, "कोनी हात नाही लावला त स्क्रीन आपोआप बंद झाली पायजे." चंचलने तशी सोय करून दिली.

राहिल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांच्याऐवजी बांबूच्या घ्यायच्या, तर बांबूचं काम करणारा बोरगावचा नत्थूजी जन्मभर एकाच प्रकारची खुर्ची बनवत आला होता. संत्र्याच्या बागेत राखण करणाऱ्याची. तिची पाठ चांगली मागे कललेली असायची, कारण राखणदाराला झाडावरची माकडं बसल्या जागेवरून दिसली पाहिजेत.

"नत्थूजी, पाठ जराशी सरळ करा ना," मोरेश्वर म्हणाला.

"सरळ काऊन? मानूस बसला का टेकला पायजे. नाही त मंग उभाच राहा म्हना त्याले."

नियमानुसार नमुन्याची खुर्ची साहेबांनी पास करायची होती. साहेब बसले. त्यांनी बांबू कुठला ते विचारलं. मग खुर्ची करकरत नाही असं म्हणाले. मग काहीच म्हणाले नाहीत. चहा आला आणि गार झाला.

"साहेब, काय करू?"

"पास," साहेब डोळे न उघडता म्हणाले.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला तेव्हा सगळं सामान जागेवर होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडत होतं आणि आत हिरवट, पाण्याखाली असतो तसा उजेड होता. ताट्यांमधून वारा यायचा तो वाळ्याचा वास घेऊन. ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा चालू असायचा. पहिल्या दुपारी चंचलची मान कलली. तिच्यामागोमाग स्क्रीनही बंद झाली. हेमराज साहेब खुर्चीत असे काही पसरले होते, की संत्र्याचा बहार फुललाय आणि आपण त्याखाली आहोत असं त्यांना वाटत असावं. मोरेश्वर हे सगळं पाहत होता. निदान त्याला तसं वाटत होतं, कारण थोड्या वेळाने हेमराज साहेब झाडावरून त्याला हाक मारत होते आणि त्यांना शेपटी होती.

कामासाठी येणारे लोकही बदलले. तिगावची प्रेमलताबाई तावातावाने आली. "माहा कागद कधीचा पडून हाय, आज घेतल्याबिगर जात नाही!" असं म्हणून ती वाट पाहायला खुर्चीत बसली. संध्याकाळी चंचलने तिला हलवलं.

"प्रेमलताबाई, ऑफिस बंद होऊन राहिलं. कागदाचं काय करायचं?"

"कोनता कागद वं?" प्रेमलताबाईने विचारलं, आणि ती शांत चेहऱ्याने घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. कागदाबद्दल बोललीच नाही.

तपासणी दुसऱ्या दिवसावर आली तेव्हा मोरेश्वर दचकून जागा झाला. मॅडम येणार आणि झोपलेलं ऑफिस पाहणार! त्याला भिंडची बस डोळ्यांसमोर दिसली. त्याने साहेबांना हलवलं.

"साहेब, उद्याच्या पुरत्या जुन्या खुर्च्या आनू का?"

"त्या भंगारात गेल्या."

मग मोरेश्वरने साहेबांच्या खुर्चीच्या मागच्या पायांखाली विटा लावल्या. पाठ सरळ झाली. पण बैठक पुढे उतरली आणि साहेब हळूहळू घसरत टेबलाखाली गेले. तिथे फरशी गार होती. ते तिथेच कुशीवर वळले. मोरेश्वरने विटा काढून टाकल्या.

"उद्या कोनी बसायचंच नाही," त्याने सगळ्यांना बजावलं. "मॅडम जाईपर्यंत उभं राहायचं."

दामिनी मॅडम भर उन्हात आल्या. माहेर बैतूलचं असल्यामुळे त्या मराठी बोलायच्या, अधूनमधून हिंदी. सगळं ऑफिस उभं राहून त्यांची वाट पाहत होतं.

"घडी नाही का इथे?"

"सेल असते मॅडम त्याच्यात. घातक कचरा."

"वा! आणि ही खुर्ची?"

"मॅडम, ते उभ्याउभ्यानंच पाहा ना," मोरेश्वर कळवळून म्हणाला.

"बसल्याशिवाय कसं कळेल?" असं म्हणून मॅडम बसल्या. त्यांनी विजेचं बिल मागितलं. ते दोन्ही हातांत धरून वाचायला लागल्या. मग बिल पदरावर आलं, आणि बऱ्याच वेळाने पंख्यासारखं हलत जमिनीवर उतरलं.

मोरेश्वरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मोठा अधिकारी बसलेला असताना आपण उभं राहणं किंवा बसणं, यात बरोबर काय ते कोणालाच ठरवता येईना. शेवटी साहेब टेकले. मग चंचल. मोरेश्वर खिडकीची चौकट धरून उभा राहिला आणि उभ्यानेच त्याला वंदना दिसली. ती चिमण्यांना खोल्या वाटून देत होती.

पाणी मारणारा माणूसही झोपला होता, म्हणून ताट्या वाळल्या. वाऱ्याची पहिली गरम झळ आत आली आणि सगळे एकदम जागे झाले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मॅडमनी पदर सारखा केला.

"हां, तर," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "या महिन्यात कागद किती लागला?"

"एकबी गठ्ठा नाही फुटला मॅडम," चंचल म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

"प्रिंटरची शाई?"

"तशीच हाय."

"गाडीचं डिझेल?"

"साहेब कुठं गेलेच नाहीत."

"लोकांच्या तक्रारी?"

"येतात लोक. पन तक्रार नाही करत. बसतात आन् जातात."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "इतक्या वर्षांच्या नोकरीत असं ऑफिस पाहिलं नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी शेरा लिहिला, 'अत्युत्तम.' मोरेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही सगळी खरेदी यांनी केली?"

"हो मॅडम! एकट्यानं," साहेब म्हणाले.

"मग असा माणूस एका जागी ठेवणं बरोबर नाही. यांचा भिंडचा प्रस्ताव आहे ना? मी आजच सांगते, लगेच पाठवा. तिकडे फार काम बाकी आहे."

वंदनाने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वाईट केलं तरी भिंड, चांगलं केलं तरी भिंड," ती म्हणाली आणि माळ्यावरची सुटकेस काढायला गेली.

मोरेश्वर आदेशाची वाट पाहू लागला. नवतपा संपला, कापसाची पेरणी झाली, आदेश काही आला नाही. सुटकेस भरून दाराशी तशीच होती. वंदना तिला वळसा घालून झाडायची.

एके दिवशी नत्थूजी ऑफिसात डोकावला. नवं धोतर नेसला होता.

"काय नत्थूजी, दिसून नाही राहिले बरेच दिवस?"

"सवड कुठं हाय बाबू? मॅडमनं तुमच्या त्या वरच्या ऑफिसले खुर्च्या मंगवल्या ना! टरक भरून गेल्या. ताट्याबी गेल्या संग."

"कोनत्या शाखेले?"

"ते बदल्यागिदल्या काढतात म्हने, तिथं पहिले."

मोरेश्वर खुर्चीतून उठला. मग त्याने विभागीय कार्यालयाला फोन लावला. घंटी पुष्कळ वाजली. शेवटी कोणीतरी उचलला.

"हां... कौन?" आवाज फार लांबून, खोल पाण्यातून आल्यासारखा होता.

"मी मोरेश्वर, पांढुर्ण्याहून. माझा बदलीचा आदेश..."

"तैयार है," आवाज म्हणाला. "बस, साहब की साइन... साहब अभी..."

पुढे शब्द नव्हते. संथ श्वास होता, आणि त्याच्या मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

मोरेश्वरने फोन अगदी हळू ठेवला, पलीकडच्याची झोप मोडू नये म्हणून.