बाभळवस्तीची बर्फवाट

एखादा समाज किती पुढारलेला आहे, हे त्याच्याजवळ काय आहे यावरून ठरत नाही. जे त्याच्याजवळ नाही, त्याबद्दल त्याचं मत किती ठाम आहे, यावरून ते ठरतं. या कसोटीवर लातूर जिल्हा देशात पहिल्या पाचांत बसतो, असं मार्गवापर अभिप्राय कक्षाच्या अहवालात नमूद आहे. (बाकीच्या चार जिल्ह्यांची नावं अहवालात नाहीत.)

हा कक्ष औसा रस्त्यावर, एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. कुठल्या वाटेवरून कुणी जावं आणि कुणी जाऊ नये, यावर विचार करणं हे त्याचं काम. वाट बांधणं हे त्याचं काम नाही, आणि या बाबतीत कक्षानं आपली मर्यादा कधी ओलांडलेली नाही. मंजूर पदं चौदा, भरलेली तीन, त्यातलं एक कायम रजेवर. उरले दोघे: कक्ष अधिकारी ईश्वरप्पा साहेब आणि अव्वल कारकून संघपाल. संघपालची बारा वर्षं नोकरी झाली होती आणि त्याच्या टिपणीत आजवर कुणालाही चूक सापडली नव्हती. (टिपणी कुणी वाचत नसे.)

संघपालच्या टेबलावर डाव्या हाताला कावेरीबाईंची फाईल असे. शिरूर अनंतपाळच्या बाजूला बाभळवस्ती म्हणून अकरा घरांची वस्ती आहे. डांबरी रस्ता तिथून दीड किलोमीटर, आणि मध्ये काळ्या मातीची गाडीवाट. उन्हाळ्यात ती दगडासारखी टणक असते, पावसाळ्यात तीत पाय घातला तर पाय निघतो, चप्पल निघत नाही. या वाटेवर मुरूम टाकून ती दाबून द्यावी, असा अर्ज कावेरीबाईंनी नऊ वर्षांपूर्वी केला होता.

कक्षानं या अर्जाकडे दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं आहे. दरवर्षी स्थळपाहणी होई, आणि ती येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, होई. येळवशीला सगळा जिल्हाच शेतात असतो. कडब्याच्या कोपीतली पूजा, आंबील, शेंगदाण्या-भाज्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे. कावेरीबाई ईश्वरप्पा साहेबांना आग्रहानं जेवायला बोलावत आणि साहेबही पाहणी आणि पंगत एकाच फेरीत उरकून सरकारी डिझेल वाचवत. येळवस येते ऐन हिवाळ्यात. साहेबांची जीप वस्तीच्या दारापर्यंत धुरळा उडवत जाई, आणि साहेब ढेकर देऊन लिहून घेत, "वाट सुस्थितीत. वाहन सहज जाते." असे नऊ अहवाल फाईलला लागले होते. बाईंची भज्जी जितकी चांगली होत गेली, तितका वाटेचा शेराही चांगला होत गेला.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या सुनेचे, राजकन्याचे, दिवस भरले ते भर पावसात. चौघांनी तिला बाजेवर घालून चिखलातून नेलं, पण मुलगी दवाखान्यापर्यंत थांबली नाही, वाटेतच झाली. तिचा जन्मदाखला अजून निघालेला नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात "वाट" लिहिलं आहे, आणि महसुली नोंदीत तिथे वाट नाही.

आता राजकन्याला पुन्हा दिवस गेले होते.

"आखाडात दिवस भरतेत तिचे," कावेरीबाई सोमवारी येऊन संघपालला म्हणाल्या. "बाबा, मागल्या टायमाला देवानं हात दिला. दर बारीला तो रिकामा बसलेला ऱ्हाईल का?"

"मावशी, फाईल वर गेलीय," संघपाल म्हणाला.

"वर कुठं? मला तर हितंच दिसून राहिली."

संघपालनं फाईलवर हात ठेवला. त्याला लाज वाटली. बारा वर्षांच्या नोकरीत लाज वाटण्याची सवय मोडायला हवी होती, पण या बाबतीत तो अजून कच्चाच होता.

त्याच आठवड्यात, बाहेर त्रेचाळीस अंश तापमान आणि वर बंद पडलेला पंखा अशा वातावरणात, वरच्या कार्यालयातून एक पत्र आलं. त्यातला मजकूर असा: थंड प्रदेशात बर्फ यंत्रानं दाबून, सपाट करून वाटा तयार करतात आणि त्या स्नोमोबाईल या वाहनासाठी राखून ठेवतात. स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असलेली, बर्फावर पळणारी गाडी. अलीकडे काही लोक मोटारसायकलीचं पुढचं चाक काढून तिथे एकच घसरपट्टी आणि मागे पट्टा बसवतात, तिला स्नो-बाईक म्हणतात. ही स्नो-बाईक त्या सपाट वाटांवर येऊ द्यावी किंवा कसे? धोरण देशभर एकच करायचं असल्यानं सर्व जिल्ह्यांनी पंधरा दिवसांत अभिप्राय पाठवावा.

"लागू नाही" म्हणून कळवणं सोपं होतं, पण कक्ष एकदा त्यात पोळला होता. दीपगृहाच्या वाटेबद्दल विचारणा आली होती. "जिल्ह्यात दीपगृह नाही" असं कळवल्यावर, ते का नाही आणि त्यास जबाबदार कोण, याचा खुलासा मागवणारी नोटीस आली होती. ईश्वरप्पा साहेबांची एक वेतनवाढ त्या दीपगृहात बुडाली.

"ह्या टायमाला अभ्यास करू," साहेब म्हणाले.

अभ्यास झाला. जिल्ह्यातल्या बर्फाची स्थिती अशी भरली: बर्फाचे कारखाने सहा, गोळ्याच्या गाड्या दोनशे बारा (पैकी चालू एकशे नव्वद), रसवंत्या मोसमाप्रमाणे; नैसर्गिक बर्फ गारपिटीच्या रूपानं, फाल्गुनात, न सांगता. तज्ज्ञ म्हणून मोटारसायकलींचं दुकान चालवणारे संगमेश यांना बोलावण्यात आलं. लग्नानंतर ते मनालीला गेले होते आणि स्नोमोबाईलवर दहा मिनिटं बसले होते. पैकी फोटो काढण्यात सात मिनिटं गेली, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. एक घसरपट्टीची गाडी वाटेच्या मधोमध चाकोरी पाडते आणि मागून येणारा तीत अडकतो, हा मूळ वादाचा मुद्दा त्यांनीच समजावून दिला. पण कुणाची बाजू घ्यायची हे प्रत्यक्ष चाचणीशिवाय सांगता येणार नाही, असं त्यांचं मत पडलं.

इथे संघपालच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दुपारी त्यानं नोकरीतली सर्वात सुंदर टिपणी लिहिली. ओली काळी माती निसरडेपणात बर्फाच्या तोडीस तोड आहे (पुरावा: श्रीमती कावेरीबाई यांचा उजवा पाय, प्लास्टर दीड महिना). सबब काळ्या मातीची एखादी वाट "प्रायोगिक बर्फवाट" म्हणून घ्यावी. मूळ पत्रात वाट यंत्रानं दाबून सपाट केलेली असावी असं म्हटलं आहे, तरी ती मुरूम टाकून दाबून सपाट करावी. यासाठी बाभळवस्तीची वाट योग्य आहे. ती सुस्थितीत असल्याचे नऊ अहवाल सोबत जोडले आहेत.

जे काम नऊ वर्षांत झालं नाही, ते नऊ दिवसांत मंजूर झालं. शासन हलत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. विषय तेवढ्या तोलाचा लागतो. मृगाच्या आधी मुरूम पडला, रोलर आला, दीड किलोमीटरची वाट पाटासारखी झाली. कावेरीबाईंनी रोलरला कुंकू लावलं.

"संघपालबाबा, तुमच्या लेकराबाळांचं भलं होईल," त्या म्हणाल्या. "बरफ का फिरफ, आपल्याला काय करायचंय? वाट झाली बगा."

संघपाल त्या दिवशी सबंध रस्ताभर शीळ घालत घरी गेला. लबाडी करून चांगलं काम करता येतं, असा त्याचा समज झाला होता.

मग हरकती आणि सूचना मागवण्यात आल्या. लोक उदासीन असतात ही नुसती अफवा आहे. आठ दिवसांत जिल्ह्यात दोन तट पडले. तरुण मंडळी स्नो-बाईकच्या बाजूची, कारण बाईक त्यांना कळत होती. पोक्त मंडळी स्नोमोबाईलच्या बाजूची, कारण पोरं दुसऱ्या बाजूला होती. व्हॉट्सॲपचे अकरा ग्रुप निघाले, त्यांतले चार एकमेकांवर चिडून फुटले. एकाचं जमलेलं लग्न मोडलं, कारण मुलीचे मामा एक-घसरपट्टीवाले निघाले. हदगावहून स्नोमोबाईलला पाठिंब्याचं पत्र आलं. त्यांचा जिल्हा वेगळा, पण प्रश्न तत्त्वाचा होता. "बर्फ कुठाय?" असं विचारणारा एक जण निघाला, त्याला दोन्ही बाजूंनी मिळून गप्प केलं.

सुनावणी वस्तीच्या कडेला मांडव घालून झाली. चार तास भाषणं झाल्यावर कावेरीबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, बैलगाडी कोणच्या बाजूला धरायची? अन् दवाखान्याची गाडी?"

ईश्वरप्पा साहेब सौम्यपणे म्हणाले, "बाई, विषयाला धरून बोला."

निर्णय होईपर्यंत प्रायोगिक वाटेचा पृष्ठभाग जसाच्या तसा राहावा, म्हणून तिच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवण्यात आलं. या दोन वाहनांखेरीज इतर वाहनं, जनावरं आणि पादचारी (पावलांचे ठसे उमटतात) यांना मनाई. फाटकाला कुलूप, किल्ली कक्षात. वस्तीची माणसं वाटेच्या कडेनं, बांधाबांधानं, चिखलातून जाऊ लागली. पूर्वी निदान वाट वाईट होती. आता चांगली वाट डोळ्यांसमोर ठेवून चिखल तुडवायचा होता. संघपालनं पुन्हा टिपणी लिहिली, मग दुसरी लिहिली. त्या चांगल्या होत्या. (वाचल्या गेल्या नाहीत.)

आषाढातल्या एका मंगळवारी, दुपारी अडीचला, कावेरीबाईंचा फोन आला.

"राजकन्याचं पोट दुखून राहिलंय. दवाखान्याची गाडी आली हाय, फाटकापाशी हुबी हाय. बांधानं पोरीला न्यायचं तर मांडीएवढा गारा-चिखल हाय. काय करू, बाबा?"

संघपालनं किल्ली उचलली आणि मोटारसायकलला किक मारली. सही घ्यायला साहेब जागेवर नव्हते, आणि त्याला त्याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. फाटकापाशी ॲम्ब्युलन्स गुरगुरत होती. फाटक उघडण्याआधी नोंदवहीत नोंद करायची होती, कारण तो मूळचा कारकून होता आणि हात नोंदवहीशिवाय कुलपाकडे जाईना. वाहनाच्या प्रकारापुढे दोनच चौकोन होते. त्यानं "स्नोमोबाईल" या चौकोनात खूण केली आणि फाटक ढकललं.

गाडी वस्तीला गेली आणि सात मिनिटांत परत आली. नोंद: प्रवासी, जाताना एक, येताना तीन. चौथी दवाखान्यात पोचल्यावर मोजली गेली. साडेपाच पौंडांची, ठणठणीत. कावेरीबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा संघपाल फाटकाच्या खांबाला टेकून रडला.

पुढच्या आठवड्यात नोंदवही तपासली गेली आणि जिल्हा पेटला. निर्णय व्हायच्या आधीच एक स्नोमोबाईल वाटेवरून गेली होती! स्नो-बाईक समर्थकांनी कक्षासमोर तीन दिवस धरणं धरलं. ती स्नोमोबाईल मुळात ॲम्ब्युलन्स होती, असा खुलासा संघपालनं लेखी दिला. तो दोन्ही तटांनी फेटाळला. बाईकवाल्यांच्या मते ती लपवाछपवी होती, आणि स्नोमोबाईलवाल्यांना ऐतिहासिक पहिली फेरी हातची घालवायची नव्हती. त्या फेरीत कोण बसलं होतं, हे कुणी विचारलं नाही. संघपालची हदगावला बदली झाली. फाटकाचं कुलूप बदललं. आता त्याला दोन किल्ल्या लागतात, एकेका तटाकडे एकेक, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. कावेरीबाईंचा नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज मात्र कक्षानं तत्परतेनं निकाली काढला. शेरा: "मागणीप्रमाणे वाट झाली आहे."

आजपर्यंत चार हजार तीनशे अठरा अभिप्राय आले आहेत. स्नो-बाईकच्या बाजूनं दोन हजार एकशे सात, स्नोमोबाईलच्या बाजूनं दोन हजार दोनशे नऊ, बाद दोन. बाद झालेल्यांपैकी एकावर सही नव्हती, आणि दुसऱ्यावर कावेरीबाईंचा अंगठा होता, पण चौकोनांच्या बाहेर. फरक थोडा असल्यानं मुदत वाढवून दिली आहे. वाचकहो, तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे एक घसरपट्टी बरी की दोन, हे तुमचंही मनाशी ठरलं असणार, तेवढं कळवा. फॉर्म सोपा आहे. खाली "अन्य सूचना" म्हणून दोन ओळींची जागा आहे, पण ती चार हजार तीनशे सोळा सुजाण नागरिकांनी कोरी सोडली आहे. तुम्हीही सोडाल, या विश्वासानं तिथे यापुढे कक्षाचा शिक्का मारून ठेवायचं ठरलं आहे.