प्रशिक्षकांनी परस्पर घेतलेली जबाबदारी

महाविद्यालयाचा फुटबॉल संघ सलग नववा सामना हरला, तेव्हा मुख्य प्रशिक्षकांनी प्राचार्यांना पत्र दिलं: 'संघनिवड माझी, डावपेच माझे, पराभवाची जबाबदारीही माझीच. राजीनामा सोबत जोडला आहे.'

पत्र वाचून प्राचार्यांना घाम फुटला.

"अहो, जबाबदारी निश्चित करायला समिती असते. तुम्ही परस्पर कशी घेतलीत?"

"पण चूक माझीच आहे, सर. बचावातली दोन पोरं मी आघाडीला खेळवली."

"तुमची चूक म्हणजे तुम्हाला नेमणाऱ्याची चूक. नेमलं कोणी? मी. मला नेमलं अध्यक्षांनी. कुठवर आग लावायचीय तुम्हाला?"

ताबडतोब समिती बसली. प्रशिक्षक रोज साडेतीनला, म्हणजे ऐन सरावाच्या वेळी, चौकशीला हजर राहू लागले. ते चूक कबूल करत आणि समिती ती खोडून काढी.

"गोलरक्षक कच्चा होता?"

"छे, गुणी पोरगा आहे."

"मग वारा तरी उलटा असेल?"

"पान हलत नव्हतं."

'साक्षीदार सहकार्य करत नाही,' असा शेरा पडला.

"थकलो म्हणून सांगा आणि सुटा एकदाचे," बायको म्हणाली.

"थकलो म्हटलं तर वैद्यकीय समिती बसेल गं!"

इकडे सरावाअभावी संघ दहावा सामनाही हरला, आठ गोलांनी. त्या वेळी प्रशिक्षक समितीपुढे बसले होते. सबब, ते नसतानाही संघ हरतो, हे कागदोपत्री सिद्ध झालं. राजीनामा फेटाळून त्यांना बढती मिळाली: संचालक, उत्तरदायित्व विभाग. स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची. पहिले दोन दिवस त्यांना तीत अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पाठ टेकली.

चौथ्या दिवशी संघाचा कर्णधार दारात आला. डोळे सुजलेले.

"सर, एवढंच सांगा. आम्ही वाईट खेळलो, की तुमचं काही चुकलं?"

प्रशिक्षकांनी तोंड उघडलं. मग खुर्ची किंचित फिरवली.

"अहवाल येऊ दे," ते म्हणाले.

अहवाल त्यांच्याच सहीने आला. पराभवाला प्रेक्षक जबाबदार ठरले. कोण कुठे चुकतंय हे बाहेर बसून त्यांना नेमकं दिसत होतं; तरी ते नुसते हसत राहिले. खाली प्रेक्षकांच्या सहीसाठी जागा कोरी आहे. इथवर हसत वाचत आलेल्यांनी ती भरावी.