निळी रेघ सोडायची नाही!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रस्त्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! विट्यात माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, पण आमच्या बुलेट ग्रुपमध्ये त्याला कुणी विचारत नाही. तिथं मी रूट कॅप्टन! गोव्याचा रूट माझा, हंपीचा रूट माझा. मोबाईलवर नकाशा उघडून मी तो दोन बोटांनी मोठा करायला लागलो की पोरं हातातले चहाचे कप खाली ठेवतात.

त्यामुळं उदयसिंहाचा साखरपुडा ठरल्यावर तो थेट माझ्या दुकानातच आला. उदयसिंह माझा शाळेपासूनचा दोस्त, फौजेत हवालदार. वीस दिवसांच्या सुट्टीवर आलेला. मुलगी खंडाळ्याची, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या. शिवांजली तिचं नाव. दोघं आठ महिने फोनवर बोलत होते, म्हणजे तिकडचं सगळं जमल्यातच जमा. अडचण एकच, मुलीचे वडील. आप्पासो, रिटायर्ड सुभेदार. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. यापूर्वी एक स्थळ पस्तीस मिनिटं उशिरा आलं, तर या माणसानं त्यांना गेटवरच पाणी पाजलं आणि गेटवरूनच परतवून लावलं!

"जया," उदयसिंह म्हणाला, "धा जणं बुलेटवरनं एंट्री मारायची. पर टायमात पोचलो न्हाई तर माझं लगीन गेलं बघ. पुढची सुट्टी वर्षानं हाय."

"आरं, मी हाय न्हवं! बारालाच पोचवतो. अर्धा तास गॉगल पुसत बस."

आता साधा माणूस काय करेल? कराडला जाईल, हायवे धरेल, सातारा मागं टाकून खंबाटकी घाट उतरेल आणि खंडाळ्यात हजर. पण त्यात कॅप्टनची काय गरज? तसं तर माझी बायको संयोगितासुद्धा जाईल. आणि ती जाणारच होती! घरची म्हातारी माणसं आणि अंगठी घेऊन, गाडीतून, हायवेनं. मला हवा होता असा रस्ता, जो कुणाच्या व्हिडिओत नाही. दहिवडी, फलटण, लोणंद असा पूर्वेकडून. तोही मोठ्या रस्त्यानं नाही, आतून!

आणि नेमका त्याच आठवड्यात मल्हार दुकानात आला. मल्हारची वस्ती विट्याच्या बाहेर माळावर. तीनशे मेंढरं. जंताचं औषध कायम माझ्याकडूनच नेतो. त्या दिवशीही मोटारसायकल बाहेर लावून आत आला.

"मल्हार, खंडाळ्याकडं जायचा आतला रस्ता ठावं हाय का रं?"

"आवं दादा, डोळं झाकून जाईन! दरसाली जातोय. आत्ताबी परवा निघालोयच. तिकडं एका मोठ्या मान्साच्या रानात मुक्काम ठरल्याला हाय."

मी पुढचं ऐकलंच नाही. आनंदानं काउंटरवरून उडी मारायची तेवढी राहिली. त्याचा मोबाईल घेतला, रस्ता नोंदवणारं ऍप टाकून दिलं आणि समजावलं, "निघताना हे हिरवं बटन दाब. तू जाशील तशी निळी रेघ उमटत जाईल. आणि वाटेत थांबायला फक्कड जागा दिसली की हे झेंड्याचं बटन दाब. पोचलास की मला पाठव."

"फक्कड म्हंजी? पानी, सावली, खायला?"

"व्हय व्हय, तसंच!"

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी रेघ आली. काय रेघ होती! नागमोडी, घाट नाही, टोल नाही, मोठं गाव नाही. एकशे एकाहत्तर किलोमीटर आणि तेरा झेंडे! खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘लागलेला वेळ: १३ दिवस ७ तास.’ मी हसलो. बिचारा पोचल्यावर बटन बंद करायला विसरला असणार!

ग्रुपवर मी रेघ टाकली आणि खाली लिहिलं, ‘तेरा प्रीमियम हॉल्ट. ज्यानं निळी रेघ सोडली, तो ग्रुपमधून बाहेर!’ दहा अंगठे आले. उदयसिंहानं तर सलाम ठोकणारं चित्र टाकलं.

पहाटे साडेसहाला दहा बुलेट विट्यातून निघाल्या. अहाहा! हवेत गारवा, पुढं मी, हँडलला मोबाईल, कानात ऍपमधल्या बाईचा गोड आवाज. उदयसिंह नव्या जोधपुरीत, पायात चकचकीत बूट. अर्धा तास असा झकास गेला की मी मनातल्या मनात पुढचा रूट लेहचा ठरवून टाकला!

मग बाई म्हणाली, "डावीकडे वळा."

डावीकडे ज्वारी होती.

मी थांबलो. मागं नऊ बुलेट थांबल्या. रेघ बघितली, ज्वारी बघितली. रेघ ज्वारीच्या कडेनं बांधावरून चालली होती.

"कॅप्टन, चुकलं का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ऑफबीट म्हटल्यावर असंच असतंय! रेघ सोडायची नाही!"

बांधावरून गेलो. बांधावरून ओढ्यात, ओढ्यातून माळावर, माळावरून बाभळीच्या बेटात. तिथं रेघ एका झाडाभोवती चार वेळा फिरली होती. का फिरली, देव जाणे! पण माझ्याच हुकमानं दहाच्या दहा बुलेट बाभळीला चार प्रदक्षिणा घालून आल्या. एक म्हातारा घोंगडं सावरत बघत होता. त्यानं हात जोडले. त्याला वाटलं आमचा काहीतरी नवस असावा.

"जया!" उदयसिंहाच्या जोधपुरीला काटे चिकटले होते. "नऊ वाजलं! हे रान हाय का रोड?"

"पुढं दोन झेंडे अगदी जवळजवळ हायत. म्हंजे जागा भारी असणार. मिसळ खाऊ, मग सुटतो बघ कसा!"

ओढ्यात एक गाडी फसली, ती काढली. कालव्याच्या कडेनं एकामागं एक चालत गाड्या ढकलल्या. दहा वाजले तेव्हा झेंडा आला. मी इंजिन बंद केलं. समोर कापणी झालेलं मोकळं रान. रानभर लेंड्या. कडेला एक पाण्याचं डबकं. मिसळ सोडा, टपरीसुद्धा नाही!

बांधावर एक आजी कंबरेवर हात ठेवून उभी. "आलासा व्हय? आठ दिस वाट बघतीया. मेंढरं कुठायत?"

"कसली मेंढरं, आज्जी?"

"आता गं बया! मल्हारनं तुमास्नी न्हाई धाडलं? एक रात बसवली त्यानं मेंढरं माझ्या रानात, खताला. अर्धं रान ऱ्हायलं. म्हनला, दुसरा कळप धाडतो." तिनं आमच्याकडं एकेक करून निरखून बघितलं. "तुमी दहा जन कशाला आलासा मोकळं?"

मी लांब जाऊन मल्हारला फोन लावला.

"मल्हार, खरं सांग. तू ह्या रस्त्यानं गाडीवर गेलास ना?"

"गाडीवर?" तो खळखळून हसला. "आवं दादा, मेंढरामागं गाडीवर कोन जातंय? गाडी घरी हाय. चालत आलो की, चौदा दिस!"

"आणि त्या बाभळीला चार चकरा कशाला?"

"एक कोकरू हरवलं व्हतं. घावलं पर!"

मी वळलो तर मागं उदयसिंह उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. फौजी माणूस, पण त्याचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शिवांजली! त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"कुठं हाय तुमी? पप्पा आत्तापास्नं घड्याळ काढून बसल्यात. म्हनत्यात, पावनं फौजी हायत, बघू किती फौजी हायत."

"आलोच," उदयसिंह म्हणाला आणि लेंड्यांतच मटकन बसला. त्याला तसं बघून मला खरंच रडायला आलं. रेघेच्या नादात मी दोस्ताचं लग्न मोडायला निघालो होतो!

त्यात संयोगिताचा मेसेज आला. ‘घाट उतरला. ट्रॅफिक अजिबात नाही. तुम्ही कुठे?’

मी मल्हारला पुन्हा फोन लावला. आता कॅप्टनपणा कशाचा! "मल्हार, डांबरी रस्ता कुठं हाय? साडेबाराला खंडाळ्यात आप्पासो सुभेदारांच्या मळ्यात पोचायचंय, न्हाईतर उदयसिंहाचं लगीन मोडतंय!"

"सुभेदारांच्या?" मल्हार थबकला. "आवं, मी तिथंच तर हाय! त्येंच्याच रानात मुक्काम हाय माझा. थांबा, घाबरू नगासा. समोर पान्याची टाकी दिसती का? मोबाईल खिशात घाला आन् टाकीकडं चला. तिथनं डांबरी."

दहा मिनिटांत डांबर लागलं. डांबर बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता! दहिवडी मागं, फलटण मागं, लोणंद मागं. बुलेटचा आवाज असा की कुत्री भुंकायची विसरत होती. बारा वाजून अठरा मिनिटांनी खंडाळ्याच्या हद्दीत! उदयसिंह पुढं येऊन अंगठा दाखवून गेला. मी ओरडलो, "म्हटलं न्हवतं!"

आणि मळ्याच्या फाट्यावर उसाची ट्रॉली आडवी झालेली! रस्ताभर ऊस, या बाजूला आम्ही, त्या बाजूला दीड किलोमीटरवर मांडव. बारा बावीस.

"मल्हार!" आता फोन उदयसिंहानंच लावला होता.

"कॅनॉलच्या पुलावरनं खाली उतरा. तिथनं माझी वाट हाय. थेट मांडवाच्या मागनं निघती."

तीच निळी रेघ! शेवटचा तुकडा! नकाशात बघितलं तर रेघ पुलाखालून सरळ आप्पासोंच्या रानात जात होती. दहा बुलेट खाली उतरल्या, तोडलेल्या उसाच्या खोडव्यातून धडधडत निघाल्या.

पण रानात मेंढरं होती ना! तीनशे! मांडवासाठी मल्हारनं त्यांना मागच्या वावरात जाळीच्या कुंपणात थोपवून ठेवलं होतं. दहा बुलेटचा आवाज ऐकल्यावर त्यांनी जाळी आडवी केली आणि सुटली. आता आम्ही मागं, मेंढरं पुढं! मल्हार काठी उंचावून "हुर्र हुर्र" ओरडतोय, मेंढरं बें बें करत मांडवात शिरतायत, बायका पाटांवर चढतायत, भटजी अक्षतांचं ताट डोक्यावर धरून उभे. एका मेंढीनं स्वागताचा हारच तोंडात धरला. आणि त्या पांढऱ्या-काळ्या लोंढ्यातून, धुळीनं माखलेला, जोधपुरीला काटे लागलेला उदयसिंह बुलेटवरून उतरला आणि त्यानं आप्पासोंसमोर कडक सॅल्यूट ठोकला!

आप्पासोंनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"बारा अठ्ठावीस," ते म्हणाले. "दोन मिनिटं आधी." मग त्यांनी वर बघितलं. "रस्ता बंद, तरी पोचला. रान तुडवत आला. शाब्बास, जवान!"

शिवांजली खांबाआड उभी होती. ती हसली आणि उदयसिंहाचा सॅल्यूट खाली यायचं नावच घेईना.

अंगठ्या झाल्या. आप्पासोंनी माईक घेतला. "आज पावण्यांना वेळेत आणणाऱ्याचा सत्कार करायचाय. पुढं या!" मी कॉलर नीट केली, केसांतून हात फिरवला, दोन पावलं पुढं टाकली. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. फेटा बांधला गेला. मल्हारला!

"आन् लग्नाला वऱ्हाड हायवेनं आणायचं," मल्हारकडून सगळं ऐकलेले आप्पासो माझ्याकडं बघत म्हणाले. "तुमास्नी वाटलं तर तुमी या तुमच्या रस्त्यानं. पर चौदा दिवस आधी निघा."

संयोगिता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड लपवायला मोबाईल काढला. ऍपवर नवा संदेश आला होता. ‘अभिनंदन! या मार्गाचा निकाल लागला आहे.’ मी घाईघाईनं उघडला.

‘पहिला क्रमांक: मल्हार, १३ दिवस ७ तास. दुसरा क्रमांक: जयराज, प्रवास अपूर्ण.’