तुकोजी अण्णांचे गठ्ठे

तुकोजी अण्णा रजेचा अर्जसुद्धा आवळून द्यायचे. म्हणजे फ्लॉपीवर, आणि तोही स्वतःच्या प्रोग्रामने बारीक करून. तो सोडवून वाचेपर्यंत साहेबांचा चहा गार व्हायचा, आणि तोवर अण्णा रजेवर गेलेलेही असायचे. मला असली माणसं आवडतात. ज्यांना आवडत नाहीत त्यांनी पुढे वाचू नये.

मी पुण्याहून बंगळूरच्या या छोट्या कंपनीत आले तेव्हा मराठी कानावर पडेल म्हणून त्यांच्या शेजारची खुर्ची मागून घेतली. त्यांचं घराणं चार पिढ्या इथल्या चिकपेटेच्या बाजारात साड्या विकणारं. त्यामुळे फायली लहान करणं आणि पुन्हा मूळपदावर आणणं याला त्यांचे दोनच शब्द: आवळणं आणि सोडवणं. सहा वर्षं खपून त्यांनी कंपनीच्या सगळ्या प्रोग्रामांनी वापरायची एक चिमुकली लायब्ररी लिहिली होती. अख्खं फोल्डर तिच्या हवाली केलं की त्याचा एक गठ्ठा व्हायचा. दुसरीकडे तो सोडवला की सगळं जिथल्या तिथं. दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रामचं कौतुक केलं की अण्णा चष्म्यावरून बघत.

"आवळता कुणालाही येतंय, अक्का. सोडवून दाखव की."

मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी अक्काच.

मग नवे साहेब आले आणि त्यांना या लायब्ररीत खोट सापडली. एखादं फोल्डर रिकामं असलं तरी अण्णा ते गठ्ठ्यात बांधत. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही रिकामी फोल्डरं कशाला पाठवता? साहेबांनी फर्मावलं, ती बांधणाऱ्या तेवढ्या दोन ओळी प्रोग्राममधून काढून टाका. एरवी अण्णा कशालाही "सरी" म्हणत, म्हणजे बरं. या वेळी म्हणाले, होणार नाही. लायब्ररीच बदलून टाकू अशी तंबी मिळाली, तरी ढिम्म. शेवटी साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं, सोमवारच्या मुदतीने.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले, सांगायला म्हणा की भांडायला म्हणा. अण्णा घरच्या कॉम्प्युटरवर गठ्ठा बांधत बसले होते. घरातल्या प्रत्येकाचं एक फोल्डर: कुणाची पत्रं, कुणाची पत्रिका, आईच्या औषधांची यादी. शेवटचं होतं मालती. त्यात काहीच नव्हतं. मी विचारलं, ही कोण?

"धाकटी बहीण. मनासारखं लग्न करून गेली. अकरा वर्षं पत्र नाही. वडील म्हणाले, घरात तिचं नाव नको. मी सरी म्हटलं नाही." त्यांनी तेही फोल्डर गठ्ठ्यात बांधलं. "कधीतरी येईल, विचारेल, माझं कुठंय? काय सांगू तिला? रिकामं होतं म्हणून टाकलं?"

मला तिथे बसवेना. सोमवारी साहेबांना स्वच्छ सांगितलं, त्या ओळी मी काढणार नाही, दुसरं कुणी बघा. त्यांनी महिन्याभरात बाहेरची लायब्ररी विकत आणली. अण्णांची आता फक्त आम्हा दोघांच्याच मशीनवर चालते.

दर दिवाळीला ते घरच्या गठ्ठ्याची फ्लॉपी माझ्याकडे देतात, एक प्रत घराबाहेर असावी म्हणून. मी ती सोडवून बघते. यंदाही मालती रिकामीच होती.